बक्षिसाची रक्कम आधी खात्यात, मग माहितीपत्रकात

इव्हेंटिंगमध्ये एकच स्वार एकाच घोड्यावर ड्रेसाज (ठरलेल्या हालचाली सफाईने करून दाखवणे), क्रॉसकंट्री (मोकळ्या रानातल्या पक्क्या अडथळ्यांवरून दौड) आणि शो जंपिंग (मैदानातल्या, धक्का लागला तर पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या) या तीन कसोट्या देतो. तिन्हींतल्या दंडगुणांची बेरीज होते आणि ज्याची सर्वांत कमी तो पहिला. अशा स्पर्धा क्लब पातळीवर भरवणाऱ्या वाचकांकडून रोख बक्षिसांविषयी बरीच पत्रे आली, त्यांतल्या काहींना इथे उत्तरे दिली आहेत. हिशेब कोणत्याही चलनात बसावेत म्हणून सगळीकडे एका स्वाराचे प्रवेश शुल्क १०० धरले आहे.

प्रश्न : आम्ही एक दिवसाची स्पर्धा भरवतो. ७० ते ९० सेंटिमीटर उंचीच्या अडथळ्यांचे गट, साधारण ६० स्वार. यंदा रोख बक्षिसे द्यायचीच असा समितीचा आग्रह आहे. प्रवेश शुल्कातला किती हिस्सा बाजूला काढावा? (क्लबचे सचिव)

उत्तर : हिस्सा ठरवण्याआधी खर्च कितव्या स्वाराला भरून निघतो ते काढा. खर्चाचे दोन भाग करा. पहिल्या भागात, स्वार दहा येवोत की साठ, द्यावाच लागतो तो खर्च : मैदान, ट्रॅकची मशागत, अडथळे, रुग्णवाहिका आणि डॉक्टर, पशुवैद्य, परीक्षक, कोर्स डिझायनर (ट्रॅक आणि अडथळे आखणारा), टेक्निकल डेलिगेट (सगळे नियमांप्रमाणे आहे ना ते पाहणारा अधिकारी), वॉकीटॉकी, वेळ मोजण्याची साधने. दुसऱ्या भागात दर स्वारामागे वाढणारा खर्च : छातीवरचे नंबर, रोझेट (क्रमांकाची फीत), पाणी, छपाई, तबेला देत असाल तर त्याचे बेडिंग.

समजा पहिला भाग ३,६०० आणि दुसरा माणशी ३० आहे. एका शुल्कातून ७० उरतात, म्हणजे ५२ व्या स्वाराला खर्च भरून निघतो आणि ६० स्वार आले तर ६०० शिल्लक राहतात. हा आकडा पाहून समिती म्हणते, माणशी १० बक्षिसाला काढू. तसे केले की एका शुल्कातून ६० च उरतात आणि खर्च भरून निघायला बरोबर ६० स्वार लागतात. एक घोडा लंगडला की तुम्ही तोट्यात.

आणि घोडे लंगडतातच. नाव नोंदवण्याची मुदत संपल्यापासून स्पर्धेच्या सकाळपर्यंत गळती ठरलेली असते. कुणाची नाल निघते, कुणाला जमीन टणक वाटते, कुणाचे वाहन मिळत नाही. साठातले सहा गळाले आणि त्यांचे शुल्क परत केले, तर ५४ स्वारांकडून ३,७८० हाती येतात. खर्च वजा जाता उरले १८०. शुल्कातून बिनधोक निघणारी बक्षिसाची रक्कम एवढीच, माणशी जेमतेम ३. जाहीर करायची ती ही, ६०० नव्हे.

गळतीचा फटका कमी करायचा तर परताव्याच्या अटी माहितीपत्रकात स्पष्ट लिहा. मुदतीपूर्वी नाव मागे घेतले तर कार्यालयीन खर्च कापून परतावा, मुदतीनंतर फक्त पशुवैद्याच्या किंवा डॉक्टरांच्या दाखल्यावर. दाखला कोणत्या तारखेपर्यंत पोचला पाहिजे तेही लिहा, नाहीतर दोन महिन्यांनी दाखले येत राहतात.

‘८० स्वार घेतले की बक्षिसाचे पैसे आपोआप सुटतील’ हे गणितही तपासून पाहा. ड्रेसाजला एका स्वारामागे साधारण ८ मिनिटे धरावी लागतात, म्हणजे तासाला सात. एका अरीनात (ड्रेसाजच्या आखलेल्या मैदानात) ६० स्वार घ्यायचे तर न थांबता ८ तास जातील, आणि क्रॉसकंट्री व जंपिंग पुढे आहेच. दुसरा अरीना घेतला की दुसरा परीक्षक, त्याच्यासोबत गुण लिहून घेणारा दुसरा लेखनिक, दुसरे कुंपण असा पहिल्या भागाचा खर्च एकदम उडी मारतो. स्वार वाढले की शिल्लक त्याच प्रमाणात वाढते असे होत नाही. मध्येच एक पायरी येते आणि ती आधी चढावी लागते.

कात्री कुठे लावायची नाही, हेही समितीत लिहून ठेवा : वैद्यकीय व्यवस्था, ट्रॅकची जमीन आणि अडथळ्यांची बांधणी. बक्षिसासाठी या तिन्हींतून काही काढावे लागत असेल तर रोख बक्षीस देऊ नका. रोझेट आणि पुढच्या स्पर्धेच्या शुल्कात सवलत द्या. लहान गटांतल्या स्वारांची त्याबद्दल क्वचितच तक्रार असते. आग्रह बहुधा समितीचाच असतो.

प्रश्न : शुल्कात सवलत दिली तर पैसे खर्च होतच नाहीत, मग ती बक्षिसे फुकटच पडली ना? (एक वाचक)

उत्तर : नाही. ती पुढच्या स्पर्धेवरची उधारी आहे. प्रत्येक सवलत क्रमांक घालून वहीत देणे म्हणून नोंदवा, तिला मुदत घाला (एक हंगाम पुरे) आणि ती दुसऱ्याच्या नावे करता येते की नाही ते छापा. सहा गटांत तीन-तीन पूर्ण सवलती दिल्यात तर पुढच्या वेळी १८ स्वार शुल्क न भरता दारात उभे राहतील. वर काढलेला ५२ चा आकडा आठवा, म्हणजे याचा अर्थ लक्षात येईल. त्यापेक्षा अर्धी सवलत बरी.

प्रश्न : रक्कम क्रमांकांत कशी वाटावी? पहिल्याला घसघशीत द्यावे असे काहींना वाटते. (स्पर्धा संयोजक)

उत्तर : आंतरराष्ट्रीय अश्वारोहण महासंघाच्या नियमांत जुना दंडक आहे : सुरुवात केलेल्या दर चार स्पर्धकांमागे एक बक्षीस आणि किमान पाच बक्षिसे. खालच्या पातळीवर तो बंधनकारक नसला तरी उत्तम चालतो. पहिले बक्षीस एकूण रकमेच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ देऊ नये, असा आमचा सल्ला.

उदाहरण घेऊ. एका गटात २४ स्वार सुरुवात करतात, म्हणजे सहा बक्षिसे. टक्केवारी २८, २१, १७, १३, ११ आणि १० ठेवली. शुल्क आणि प्रायोजक मिळून त्या गटाच्या खात्यात ४८० असतील तर पहिल्याला १३४, दुसऱ्याला १०१, तिसऱ्याला ८२, मग ६२, ५३ आणि ४८. पहिल्या दोघांचे शुल्क वसूल झाले आणि सहाव्याचेही निम्मे परत गेले. याच ४८० तले ३०० पहिल्याला दिले असते, तर बाकी पाचांत मिळून १८० उरले असते. लहान गटांत पहिल्या आणि सहाव्या क्रमांकात अनेकदा पाच-सहा दंडगुणांचेच अंतर असते, म्हणजे जंपिंगमधली एक पडलेली दांडी आणि थोडासा उशीर. एवढ्या फरकाला आठपटीहून जास्त पैसे देण्यात अर्थ नाही.

आकड्यांऐवजी टक्केवारी छापा आणि ‘सुरुवात केली’ याची व्याख्या द्या. नावे २४ आली आणि ड्रेसाजच्या अरीनात २० च उतरले, तर बक्षिसे पाच की सहा? व्याख्या नसली की सहावा स्वार हा प्रश्न बक्षीस समारंभातच विचारतो. ड्रेसाजची सुरुवातीची घंटा झाल्यावर आत आला तो मोजायचा, एवढी एक ओळ पुरेशी आहे.

बाद झालेल्याला किंवा मधेच थांबलेल्याला एकूण क्रमांकाचे बक्षीस नसते. पाच बक्षिसे असताना चारच स्वारांनी स्पर्धा पूर्ण केली तर पाचवी रक्कम बक्षीस निधीत परत जाईल, असे लिहा. ती पहिल्याला वाढवून देण्याचा मोह टाळा.

प्रश्न : दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची बरोबरी झाली तर? (स्कोअरर)

उत्तर : तुमच्या राष्ट्रीय संघटनेच्या नियमपुस्तकात बरोबरी सोडवण्याची पद्धत दिलेली असते, क्रॉसकंट्रीचा निकाल किंवा निर्धारित वेळेशी जवळीक बघतात. रोझेट त्याप्रमाणे द्या. ती पद्धत लावूनही बरोबरी सुटली नाही तर दोन्ही रकमांची बेरीज करून निम्मी निम्मी करा. वरच्या उदाहरणात १०१ आणि ८२ चे प्रत्येकी साडेएक्क्याण्णव. पुढचा स्वार चौथाच राहतो, तिसरा होत नाही. ही चूक संगणकावरच्या तक्त्यात हमखास होते.

प्रश्न : एका व्यावसायिकाने मोठी रक्कम कबूल केली. आम्ही ती छापली, आणि स्पर्धा झाल्यावर तो मागे हटला. पुढे काय काळजी घ्यावी? प्रायोजकाला बदल्यात द्यायचे तरी काय? (क्लबचे खजिनदार)

उत्तर : आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? खात्यात जमा झालेली रक्कमच छापायची, हा नियम करा. माहितीपत्रक निघण्याआधी पूर्ण रक्कम. ते शक्य नसेल तर निम्मी तेव्हा आणि उरलेली नोंदणी बंद होण्याच्या दिवशी. तोपर्यंत निम्मीच छापा. नंतर वाढवली तर कुणी भांडत नाही, घटवली तर सगळेच भांडतात. छापलेली रक्कम हे क्लबचे स्वारांना दिलेले वचन असते. प्रायोजक पळाला म्हणून ते फिटत नाही, तेव्हा यंदाची रक्कम क्लबनेच भरून द्यायला हवी.

करार एका पानात मावतो. रक्कम आणि तारीख, कोणत्या गटासाठी, नाव कुठे आणि किती वेळा दिसेल, स्पर्धा रद्द झाली तर रकमेचे काय, आणि त्याच धंद्यातला दुसरा प्रायोजक चालेल का. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात आणि मग खाद्य विकणाऱ्या दोघांचे फलक समोरासमोर लागतात.

एका मोठ्या प्रायोजकाच्या मागे धावण्यापेक्षा अडथळे वाटून द्या. क्रॉसकंट्रीच्या ट्रॅकवर पंधरा-वीस अडथळे असतात. प्रत्येकाला एक लहान प्रायोजक मिळाला आणि प्रत्येकाने दोन शुल्कांएवढी रक्कम दिली, तर तीस-चाळीस शुल्कांचा निधी उभा राहतो आणि एखादा गळाला तरी डोलारा कोसळत नाही. प्रायोजकाला मिळते ते त्याच्या अडथळ्यावरून उडणाऱ्या प्रत्येक घोड्याचे छायाचित्र, फलकासकट.

फलकाबाबत मात्र शेवटचा शब्द कोर्स डिझायनरचा. घोडा अडथळा वाचतो तो त्याच्या पायाशी असलेल्या रेषेवरून आणि वरच्या कडेवरून. अडथळ्याच्या दर्शनी बाजूवर चकचकीत कापड ताणले की त्या रेषाच हरवतात. वाऱ्याने फडफडणारा बॅनर उडी घेण्याच्या किंवा उतरण्याच्या जागेजवळ असेल तर घोडा त्याच्याकडे बघतो, उडीकडे नाही, आणि स्वाराच्या खात्यात रिफ्युझलचे (घोड्याने उडी नाकारल्याचे) २० दंडगुण पडतात. फलक कडक पुठ्ठ्याचा किंवा लाकडी, जमिनीत घट्ट रोवलेला, बाजूला आणि मागे हटवून लावावा. उजवीकडचा लाल आणि डावीकडचा पांढरा झेंडा त्याच्याआड जाता कामा नये. आणि सगळे फलक स्वार ट्रॅक पायी बघायला निघण्याआधी लागलेले हवेत. प्रायोजक सकाळी अकराला फलक घेऊन आला तर तो बक्षीस समारंभाच्या टेबलामागे लावा, ट्रॅकवर नाही.

वस्तुरूप बक्षिसे घ्यायला हरकत नाही, पण त्यांची किंमत रोख रकमेत मिळवून छापू नका. दोन्ही वेगळी दाखवा. झूल घोड्याच्या मापाची लागते, म्हणून झुलेपेक्षा सॅडल पॅड, ब्रश किंवा घोड्याच्या पायाचे बूट (बदलून देण्याच्या चिठ्ठीसह) असे काही मागा. खाद्यपूरके घेताना जपून : त्यांत बंदी असलेल्या द्रव्याचा अंश निघाला तर बक्षीसच स्वाराच्या गळ्याशी येते.

प्रश्न : रोख बक्षीस ठेवले की स्वार क्रॉसकंट्रीत घोडा दामटतात, असा आक्षेप आमच्या प्रशिक्षकांनी घेतला आहे. (पालक-स्वयंसेवक)

उत्तर : आक्षेप रास्त आहे, पण उपाय गुणपद्धतीतच आहे. क्रॉसकंट्रीत निर्धारित वेळेपेक्षा उशीर झाला तर दर सेकंदाला ०.४ दंडगुण, लवकर पोचल्याबद्दल मात्र काहीच मिळत नाही. अनेक देशांत खालच्या गटांमध्ये फार लवकर येणाऱ्यालाही सेकंदाला ०.४ असाच दंड असतो. तुमच्या नियमांत ही तरतूद असेल तर ती माहितीपत्रकात ठळक छापा.

धोका वाढवतात ती आयोजकांनी हौसेने ठेवलेली खास बक्षिसे. ‘सर्वांत जलद फेरी’ला एक छदामही देऊ नका. त्याऐवजी निर्धारित वेळेच्या सर्वांत जवळ आलेल्या बिनचूक फेरीला द्या, म्हणजे स्वार गती राखायला शिकतो. धोकादायक स्वारीबद्दल ताकीद मिळालेल्याला खास बक्षीस नाही, असेही घाला.

मात्र मग निर्धारित वेळ बरोबर हवी. १,८०० मीटरचा ट्रॅक मिनिटाला ४०० मीटर गतीने साडेचार मिनिटांत होतो. मोजणाऱ्याने अंतर मोजायचे चाक फिरवताना वळणांवर आतून कापले आणि ट्रॅक प्रत्यक्षात ६० मीटर लांब निघाला, तर ठरल्या गतीने आलेल्या प्रत्येकाला ९ सेकंद उशीर होतो, म्हणजे ३.६ दंडगुण. घोडा पळवत आलेला त्यातून सुटतो. मोजणीच्या चुकीचे बक्षीस नेमके दामटणाऱ्याला जाते! म्हणून चाक घोडा ज्या वाटेने जाईल त्या वाटेने, दोघांनी वेगवेगळे फिरवावे आणि दोन्ही आकडे जुळवून पाहावेत.

प्रश्न : ड्रेसाजच्या गुणांत पुढे एकही दंड न वाढवता स्पर्धा पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला बोनस द्यायचा विचार आहे. (स्पर्धा संयोजक)

उत्तर : ८० सेंटिमीटरच्या गटात असे स्वार किती असतात ते तुमच्याच मागच्या दोन-तीन निकालपत्रांत मोजा. जमीन चांगली असेल तर गटातला चांगला मोठा भाग तिथवर पोचतो. माणशी ठरावीक बोनस छापलात तर देणे किती होईल ते तुमच्या हातात राहत नाही. बोनसची एकूण रक्कम ठरवा आणि ती पात्र स्वारांत समान वाटा.

बोनस शोभतो तो दुर्मीळ कामगिरीला. अमेरिकेतली केंटकी आणि इंग्लंडमधल्या बॅडमिंटन व बर्ली या इव्हेंटिंगच्या तीन मोठ्या स्पर्धा लागोपाठ जिंकणाऱ्यासाठी २००१ मध्ये ग्रँड स्लॅमचे बक्षीस सुरू झाले. ते मिळवणारे दोनच : २००३ मध्ये ब्रिटनची पिपा फनेल आणि २०१६ मध्ये जर्मनीचा मायकल युंग. अशी रक्कम आयोजकाला खात्यात अडकवून ठेवावी लागू नये म्हणून बक्षिसाचा विमा उतरवण्याची सोय असते : हप्ता ठरलेला, आणि कुणी जिंकलेच तर रक्कम विमा कंपनी देते. क्लबला त्याची गरज पडू नये. पडत असेल तर बोनस आवाक्याबाहेरचा आहे असे समजा.

प्रश्न : दरवर्षी तेच दोन-तीन कसलेले स्वार नवे घोडे घेऊन लहान गटात उतरतात आणि पैसे घेऊन जातात. (एक स्वार)

उत्तर : त्यांना रोखू नका; नव्या घोड्याला शिकवायची तीच जागा आहे. गटाचे दोन उपगट करा, खुला आणि मर्यादित, आणि निधी दोन्हींत सारखा वाटा. मर्यादित उपगटाची अट वय किंवा व्यवसाय यांवर न ठेवता निकालांवर ठेवा. उदाहरणार्थ, अमुक तारखेपासून याहून वरच्या गटात स्पर्धा पूर्ण न केलेला स्वार. निकालपत्र काढून ही अट दोन मिनिटांत तपासता येते. ‘हौशी’ कोण यावर मात्र अख्खी संध्याकाळ जाते. उपगटात बारापेक्षा कमी स्वार उरत असतील तर विभागू नका.

प्रश्न : ड्रेसाज झाले आणि पावसाने क्रॉसकंट्री रद्द करावी लागली. बक्षिसे द्यायची का? (क्लबचे सचिव)

उत्तर : माहितीपत्रकात काही लिहिले नसेल तर जे कराल त्यावर कुणीतरी रागावणारच. पुढच्या वेळेसाठी असे लिहा : क्रॉसकंट्री झाली नाही तर इव्हेंटिंगचा निकाल नाही आणि रोख बक्षीस नाही, ड्रेसाज आणि जंपिंग झाले असेल तर त्या दोहोंचा वेगळा निकाल आणि रोझेट, शुल्काचा ठरलेला भाग परत, बक्षीस निधी पुढच्या तारखेला. प्रायोजकाच्या करारातही हेच वाक्य हवे, नाहीतर स्वार पैसे मागतात आणि प्रायोजकही मागतो.

प्रश्न : पैसे कुणाला आणि कधी द्यावेत? (क्लबचे खजिनदार)

उत्तर : कुणाला, हे नाव नोंदवतानाच ठरवून घ्या. घोडा एकाचा आणि स्वार दुसरा असेल तर अर्जात एक रकाना ठेवा, ‘बक्षीस कोणाच्या खात्यात’, आणि त्याखाली दोघांच्या सह्या घ्या. मालक आणि स्वार यांच्या भांडणात क्लबने पडायचे कारण नाही. स्वार अल्पवयीन असेल तर पालकाचे खाते. काही संघटनांच्या आणि शाळांच्या नियमांत मुलांना रोख बक्षीस चालत नाही, तेही आधी बघून घ्या. मोतद्दारासाठी एखादे लहान बक्षीस ठेवलेत, घोडा सर्वांत नीट तयार करून आणल्याबद्दल, तर ते मालकाच्या खात्यात न घालता थेट त्याच्या हाती द्या.

मैदानावर पाकिटे वाटू नका. समारंभात रोझेट आणि नाव, पैसे नंतर बँकेतून. कारण निकाल बदलतो. ड्रेसाजच्या टक्केवारीवरून दंडगुण काढताना (६८ टक्के म्हणजे १०० वजा ६८, ३२ दंडगुण) किंवा फेन्स जजच्या (अडथळ्यापाशी उभ्या असलेल्या पंचाच्या) कागदावरचा २० चा आकडा तक्त्यात उतरवताना चूक राहते. एकाने भरायचे, दुसऱ्याने मूळ कागदावरून वाचून पडताळायचे. मग ‘तात्पुरता’ असे लिहून निकाल फलकावर लावा, वेळ टाका आणि तक्रारीला ३० मिनिटे द्या; आंतरराष्ट्रीय नियमांतही निकालावरच्या तक्रारीला एवढीच मुदत आहे. त्यानंतर ग्राउंड ज्युरीच्या (परीक्षक मंडळाच्या) अध्यक्षांची सही झाली की निकाल अंतिम.

घोड्यांचे उत्तेजक चाचणीचे नमुने घेतले असतील तर त्या घोड्यांची रक्कम अहवाल येईपर्यंत थांबवा आणि त्यांच्यामुळे ज्यांचे क्रमांक हलू शकतात त्यांना त्यांच्या सध्याच्या क्रमांकाची रक्कम द्या, फरक नंतर. बाकीच्यांचे पैसे १४ दिवसांत गेले पाहिजेत. कर कापायचा की नाही हे हिशेबतपासनिसाला स्पर्धेआधी विचारा. पूर्ण रक्कम देऊन झाल्यावर कापायचे काही हाती उरत नाही.